आंब्याच्या चवीचं निकोटीन

गेल्या काही भागांनंतर ज्या विषयावर सर्वात जास्त प्रश्न आले, तो आज घेतो. बडोदा, हैदराबाद, बेळगाव, रायपूर, सगळीकडून थोड्याफार फरकाने एकच गोष्ट लिहून येते. मुलाच्या नाहीतर मुलीच्या दप्तरात हायलायटर पेनासारखी रंगीत वस्तू सापडली, वास आंब्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा, आणि विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे. परदेशात सिगारेट सोडायला हेच देतात.’ पालक विचारतात, यात खरं किती? आणि ते खरं असेल तर आपल्याकडे बंदी का?

मुलांचं म्हणणं सरसकट खोटं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपण मोठी माणसं पहिल्याच वाक्यात ‘हे विष आहे’ म्हणून मोकळे होतो. मुलगा दोन मिनिटांत मोबाइलवर त्यातली खोट शोधून काढतो. मग पुढे आपण खरं बोललो तरी तो ऐकत नाही. तेव्हा जरा सविस्तर बोलू.

वस्तू साधी आहे. एक बॅटरी, एक तापणारी बारीक तार, तारेभोवती कापूस आणि कापसात मुरलेला द्रव. तोंडाने ओढलं की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार होतात आणि ते छातीत जातात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चव. चीनमधल्या हॉन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास ही वस्तू आजच्या रूपाच्या जवळ आणली. तो स्वतः सिगारेट ओढत असे, आणि सिगारेटला पर्याय शोधावा हाच त्याचा हेतू होता.

आता फरक बघा. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. जळण्यातून डांबर तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिगारेट ओढणारा मरतो तो मुख्यतः या जळण्यामुळे. निकोटीनचं काम वेगळं आहे. ते त्याला रोज परत टपरीवर आणतं. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. म्हणून वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाने ती पूर्ण टाकून हे यंत्र धरलं तर त्याचा धोका कमी होतो, यावर शास्त्रज्ञांत फारसं भांडण नाही. भांडण आहे ते ज्याने सिगारेट कधी धरलीच नव्हती अशा पंधरा वर्षांच्या पोराबद्दल.

‘नुसती वाफ’ हे मात्र खोटं. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे अंश येतात, द्रव जास्त तापला तर फॉर्माल्डिहाइड तयार होतं. आणि चवीचं काय? ही रसायनं खाण्यासाठी मान्य असतात, हुंगून छातीत भरण्यासाठी नव्हे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात २००० साली मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या कामगारांना श्वासनलिका कायमच्या आक्रसणारा आजार झाल्याचं उघडकीस आलं. कारण निघालं लोण्याच्या वासासाठी वापरलं जाणारं डायअसिटिल. तोच पदार्थ पॉपकॉर्नमधून लोक वर्षानुवर्षं खात होते. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ई-सिगारेटचे ५१ चवदार नमुने तपासले, त्यातल्या ३९ मध्ये डायअसिटिल होतं. जे पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो, कारण मुलांच्या हातात हे गेलं कसं हे समजल्याशिवाय कायद्याचा वाद समजत नाही.

सुरुवातीच्या ई-सिगारेटी घशाला लागायच्या. निकोटीन मूळ रूपात अल्कधर्मी असतं, त्याचं प्रमाण वाढवलं की नवख्याला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे निसर्गाने उभा केलेला संत्रीच होता. २०१५ मध्ये अमेरिकेत ज्यूल नावाचं यंत्र आलं, दिसायला पेनड्राइव्हसारखं. त्यांनी निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. ठसका गेला. त्यामुळे एका मिलिलिटरमध्ये जवळजवळ ५९ मिलिग्रॅम निकोटीन भरता आलं. युरोपीय संघात कायद्याची कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ तिप्पट. ०.७ मिलिलिटरची एक कुपी साधारण एका सिगारेटच्या पाकिटाइतकी, असं कंपनीच सांगत होती. त्यावर आंबा, क्रीम, काकडी, पुदिना अशा चवी. संत्री आधीच हटवलेला, त्यात चवीने फाटकावर तोरण बांधलं.

नुसत्या चवीला दोष देणारे आणि नुसत्या निकोटीनला दोष देणारे, दोघेही अर्धंच बघतात असं मला वाटतं. चव पहिल्या दिवशी आत बोलावते, क्षार दुसऱ्या आठवड्यात दार बंद करतो. पौगंडावस्थेत मेंदूची घडण चालूच असते, ती पंचविशीपर्यंत चालते, आणि त्या वयात निकोटीनची मुळं जास्त खोल जातात. फौजेत असताना मी आकडे ठेवले नव्हते, पण कंपनीतल्या जवानांना बिडी किंवा खैनी सोडायला लावताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसायची. भरती झाल्यावर, विशीनंतर उंचावरच्या पोस्टवर ओढायला लागलेला गडी खाली आल्यावर सोडू शकत असे. गावात चौदाव्या वर्षी सुरू केलेला सुभेदार पदाला पोचला तरी चोरून ओढायचा, आणि समोर आलं की उजव्या गालातली गोळी जिभेने डावीकडे सरकवायचा.

अमेरिकेत पुढे काय झालं ते आकड्यांत बघा. तिथे दरवर्षी शाळकरी मुलांची राष्ट्रीय पाहणी होते. २०१८ मध्ये हायस्कूलच्या २०.८ टक्के मुलांनी गेल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं, २०१९ मध्ये २७.५ टक्के. म्हणजे चारातला एक. २०१८ च्या डिसेंबरात तिथल्या सर्जन जनरलांनी याला साथ म्हटलं. त्याच महिन्यात मार्लबरो विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने ज्यूलमधले ३५ टक्के भाग १२.८ अब्ज डॉलरला घेतले. सिगारेटला हरवायला निघालेल्या यंत्राचा मोठा वाटेकरी सिगारेटवालाच झाला.

सरकारची हालचाल मात्र एखाद्या थकलेल्या तुकडीसारखी झाली. २००९ मध्ये अमेरिकेने कायदा करून सिगारेटमधल्या सगळ्या खास चवी बंद केल्या होत्या, एक मेन्थॉल सोडून. पण तो नियम सिगारेटपुरता. ई-सिगारेट अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, तंबाखू नियमांखाली आली ती थेट २०१६ मध्ये. २०२० च्या जानेवारीत एफडीएने सांगितलं की कुपी बदलायच्या यंत्रांत तंबाखू आणि मेन्थॉल सोडून दुसरी चव चालणार नाही. एकदा वापरून फेकायची यंत्रं या धोरणातून सुटली. झालं. वर्षभरात मुलं ज्यूल सोडून फेकाऊ पफ बारवर गेली. मग काही कंपन्या म्हणाल्या, आमचं निकोटीन तंबाखूतून काढलेलंच नाही, प्रयोगशाळेत बनवलंय, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही. ही पळवाट २०२२ च्या मार्चमध्ये संसदेला बुजवावी लागली. एक भोक बुजवलं की उंदीर दुसरीकडून बाहेर.

कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायची मुदत होती. दहा लाखांहून अधिक चवदार उत्पादनांचे अर्ज एफडीएने फेटाळले. निकष असा की, तुमच्या चवीमुळे मोठ्यांची सिगारेट सुटण्याचा फायदा हा मुलांना लागणाऱ्या सवयीच्या तोट्याहून जास्त आहे, हे दाखवा. कंपन्या कोर्टात गेल्या. म्हणाल्या, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ज्या मालासाठी अर्ज होते त्यांची नावं ऐका, ‘जिमी द ज्यूस मॅन पीची स्ट्रॉबेरी’ आणि ‘सुइसाइड बनी मदर्स मिल्क अँड कुकीज’. पन्नाशीचा सिगारेट ओढणारा ट्रकचालक हे नाव घेऊन दुकानात मागेल का, हे ज्याने त्याने ठरवावं. २ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने एकमताने एफडीएची बाजू धरली, एक लहान मुद्दा तेवढा खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला.

पण एफडीएचं धोरण सरसकट ‘नाही’चं नाही. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी पहिल्यांदा मेन्थॉलच्या काही ई-सिगारेटींना परवाना दिला आणि २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द ज्यूलच्या तंबाखू आणि मेन्थॉल चवींना.

मधे एक गैरसमज दूर करतो, कारण आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर तो अजून फिरतो. २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण मुलं फुप्फुसाच्या गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. सगळ्यांना वाटलं, ई-सिगारेटने मेले. तपासात मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई अॅसिटेट, आणि ते बहुतेक ठिकाणी गांजातल्या टीएचसीच्या, चोरट्या बाजारातून घेतलेल्या कुप्यांमध्ये होतं. म्हणून ‘ई-सिगारेट ओढली की आठवड्यात फुप्फुसं जातात’ असं मुलांना सांगू नका. ते खरं नाही. खरं हे आहे की चोरट्या बाजारातल्या कुपीत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्या देशात मिळणारी प्रत्येक कुपी चोरट्या बाजारातलीच आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती कच्ची नाही. ‘परदेशात सिगारेट सोडायला देतात’ हे मुलांचं वाक्य अमेरिकेपेक्षा इंग्लंडबद्दल जास्त खरं आहे. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्येच ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर पुष्कळ टीका झाली, कारण तो मोजमापापेक्षा तज्ज्ञांच्या मतावर उभा होता. पण २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ८८६ माणसांवरची रीतसर चाचणी छापून आली. निकोटीनचे गम, पट्ट्या वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्क्यांची सिगारेट वर्षभरानंतर सुटलेली होती, ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांची. जवळजवळ दुप्पट. त्याच चाचणीतली दुसरी ओळ मात्र प्रचारक वाचत नाहीत. ई-सिगारेटने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांत अशी पट्टी किंवा गम चालू असलेले फक्त ९ टक्के.

आणखी एक आकडा मुलांच्या बाजूचा. अमेरिकेत २०११ मध्ये हायस्कूलची १५.८ टक्के मुलं सिगारेट ओढत होती, २०२४ मध्ये १.७ टक्के. ई-सिगारेटमुळे मुलं सिगारेटकडे वळतील ही भीती खरी ठरली असती तर हा आकडा इतका घसरला नसता, असं तिकडचे काही अभ्यासक म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ मध्ये सगळ्या चवदार तंबाखू मालावर बंदी आली, आणि २०२१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात त्यानंतर तिथल्या हायस्कूलच्या मुलांत सिगारेट ओढण्याची शक्यता इतर शहरांच्या मानाने वाढलेली दिसली. एका शहराचा एक अभ्यास आहे, त्यावरून निष्कर्षाचा डोंगर रचू नये. पण फक्त चव काढून घेतली आणि शेजारच्या दुकानात सिगारेट तशीच ठेवली तर पोरं कुठे जातील, हा प्रश्न खोटा नाही.

इंग्लंडनेही शेवटी १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींची विक्री बंद केली. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून त्या फक्त औषधाच्या दुकानात मिळतात आणि चवी तीनच, पुदिना, मेन्थॉल, तंबाखू. आणि अमेरिकेत २०२४ च्या पाहणीत शाळकरी मुलांमधलं प्रमाण ५.९ टक्क्यांवर आलं. तरी ती १६ लाखांवर मुलं होतात, आणि त्यांपैकी ८७.६ टक्के चवदार मालच ओढत होती.

आता घरी येऊ. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला आणि डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठ्यासाठी सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी वेगळं कलम नाही, आणि ते मला योग्य वाटतं. पंधरा वर्षांच्या पोराला आरोपी करून काय साधणार?

बंदीवर तेव्हा टीका झाली ती अशी की, बिडी, सिगारेट, जर्दा राजरोस विकता आणि त्याहून कमी घातक वस्तू बंद करता, हे कुठलं शास्त्र? एलआयसीचे पैसे आयटीसीमध्ये गुंतलेले आहेत, याकडेही लोकांनी बोट दाखवलं. टीकेत दम आहे. तरी मी बंदीच्या बाजूचा आहे, आणि कारण सांगतो. इंग्लंडमध्ये ई-सिगारेट ज्याची जागा घेते ती सिगारेट आहे. आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण त्यांत सिगारेटवाले फक्त ४ टक्के, बिडीवाले ७.७ टक्के, आणि धूरविरहित तंबाखूवाले २१.४ टक्के. महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के. मिश्री लावणाऱ्या आजीला आणि खैनी मळणाऱ्या हमालाला हे यंत्र देऊन त्यांची सवय सुटणार नाही. यंत्र विकत घेणार तो शहरातला, इंग्रजी शाळेतला, आजवर तंबाखूला न शिवलेला मुलगा. ज्याला खरोखर सिगारेट सोडायची आहे त्याला २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळतो.

पण बंदीच्या बाजूने असणं आणि बंदी चालली आहे असं म्हणणं, या दोन गोष्टी वेगळ्या. आम्हाला पहिल्याच वर्षात शिकवतात की सुरुंगपट्टा पेरून काम संपत नाही. त्यावर नजर आणि गोळीबाराची हद्द नसेल तर शत्रू रात्री आरामात वाट काढतो. २०१९ चा कायदा हा चांगला पेरलेला सुरुंगपट्टा आहे. त्याच्यावर नजर कोणाची? फौजदार म्हणजे उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाही झडती आणि जप्तीचा अधिकार कायद्याने दिला आहे. तरी कुठल्याही मोठ्या शहरात कॉलेजच्या पोराला विचारा, पार्सल किती वेळात येतं ते तो सांगेल. २०१९ च्या शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या २.८ टक्के मुलांनी कधी ना कधी ई-सिगारेट ओढून पाहिली होती. आकडा लहान आहे. तो लहान ठेवणं हीच तर कामगिरी होती.

मी राहतो त्या इंदूरकडे यापूर्वीचा धडा आहे. गुटख्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य मध्य प्रदेश, एप्रिल २०१२. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत घातली. कंपन्यांनी काय केलं? पानमसाल्याची पुडी वेगळी आणि जर्द्याची चिमुकली पुडी वेगळी. गिऱ्हाईक दोन्ही फाडून एकत्र करतो. महूच्या रस्त्यावरच्या टपरीवर या जोडपुड्यांच्या माळा पावसाच्या धारांसारख्या लोंबत असतात, आणि पानमसाल्यात वेलची, केशर, गुलाब, हव्या त्या चवी.

म्हणून चवीचा वाद आपल्याकडे ई-सिगारेटपाशी संपत नाही, तिथून सुरू होतो. अमेरिकेने २००९ मध्ये सिगारेटमधल्या चवी बंद केल्या. आपल्या २००३ च्या तंबाखू कायद्यात चवीबद्दल अवाक्षर नाही. फिल्टरमधली गोळी दाबली की पुदिन्याची होणारी सिगारेट आपल्या पानपट्टीवर कायदेशीर आहे. त्याच कायद्यात शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकू नये असं कलम आहे. आपल्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून एकदा पावलं मोजून बघा.

आणि घरात वस्तू सापडलीच तर? आधी आरडाओरडा नको. शांतपणे विचारा, सकाळी उठल्यावर पहिला कश किती वेळाने लागतो? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय पक्की झाली आहे असं समजा, आणि तो ‘मजा म्हणून’ म्हणत असला तरी डॉक्टरला दाखवा. सोडल्यावर पहिला आठवडा चिडचिड, झोपेचा खेळखंडोबा, अभ्यासात लक्ष न लागणं हे होणारच, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर सोडायला लावू नका, महिनाभर आधी लावा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर हा क्रमांक छापलेला असतो. वस्तू कोणाकडून आली हे त्याने सांगितलं तर मुलाचं नाव मधे न आणता विक्रेत्याची माहिती ठाण्यात द्या. आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते, चेपली गेली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.